दरेआईची उजवी बाजू

“सर, हिचं तोंड कुठं आहे?”

राजकन्यानं हा प्रश्न विचारला तेव्हा तिला उत्तराशी काडीचंही देणंघेणं नव्हतं. तिचं सगळं लक्ष जगदेवीच्या डब्यातल्या धपाट्यांवर होतं. पैज तशीच लागली होती. दहावीच्या वर्गाची सहल घेऊन एसटी लोह्याच्या स्टँडवरून हलली तेव्हापासून जगदेवी तिला डिवचत होती, “वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलीस, पण ते पाठ करून. हिंमत असंल तर लेणीवाल्या सरांना एक येड्यासारखा प्रश्न विचारून दाखव. सगळे धपाटे तुझे.”

प्रश्नसुद्धा जगदेवीनंच निवडून दिला. लेण्याच्या मधोमध कमरेएवढा शेंदराचा एक गोळा होता. त्याला चांदीचे दोन वाटोळे डोळे चिकटवलेले, डोळ्यांच्या मध्ये नाक, नाकात नथ, आणि वर हिरवा खण. तोंड कुठं आहे हे अंगणवाडीतल्या लेकरानंही बोट दाखवून सांगितलं असतं. म्हणून तर तो प्रश्न येडा होता. त्यात ही देवी म्हणजे राजकन्याच्याच घरची कुलदेवी, दरेआई. आपल्याच देवीचं तोंड आपल्याला माहीत नाही असं सगळ्या वर्गासमोर दाखवायचं, यात जगदेवीला निराळाच आनंद होता. मैत्रिणी अशाच असतात.

पण उमाशंकर सर हसले नाहीत.

उमाशंकर सर लातूरचे. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून लेण्यांशिवाय दुसरीकडे कुठं न सापडणारे. खरोश्याची लेणी सगळ्यांना ठाऊक आहेत. औश्याच्या पुढची ही बोरदऱ्याची लेणी फक्त बोरदऱ्याला आणि उमाशंकर सरांना ठाऊक होती. दगड जांभा, त्यामुळे हजार-दीड हजार वर्षांच्या वाऱ्यापावसानं सगळ्या मूर्ती झिजलेल्या. पहिल्या भिंतीपाशी सर म्हणाले, “हा नरसिंह,” तेव्हा मुलींना तिथं फक्त वितळलेली कुल्फी दिसली. मग सरांनी बॅटरी तिरपी धरली, हवेत काठी फिरवली, “ही आयाळ. हा वाकलेला गुडघा. गुडघ्यावर आडवा पडलाय तो हिरण्यकश्यपू, त्याचा हात बघा कसा लोंबतोय,” आणि एकाएकी भिंतीतून अख्खा नरसिंह बाहेर आला. राजकन्याच्या अंगावर काटा आला. सरांनी बॅटरी हलवली आणि पुन्हा कुल्फी.

तर अशा माणसाला तिनं विचारलं, तोंड कुठं आहे.

“फार चांगला प्रश्न,” सर म्हणाले. प्रत्येक प्रश्नाला ते असंच म्हणत. मघाशी एका पोरानं संडास कुठं आहे विचारलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. पण या वेळी ते खरंच खाली बसले. आधी दरेआईला हात जोडले, मग डोळे मिटून बोटं फिरवायला लागले. पुढून फिरवली, मागून फिरवली, पुन्हा पुढून. जगदेवीनं डबा पोटाशी धरला.

“हे नाक नाही,” सर शेवटी म्हणाले. “नाक इतकं वर नसतं आणि इतकं गोल नसतं. हा केसांचा अंबाडा असावा. ही खालची खाच म्हणजे पाठीचा कणा. आणि मागच्या बाजूला, हे बघा, पोटाची गोलाई लागते हाताला. म्हणजे बाळ, आपण जिला तोंड समजतो ती पाठ आहे. अर्थात याला दोन मतं आहेत.”

“दुसरं मत कोणाचं, सर?”

“ज्यांनी डोळे चिकटवले त्यांचं.”

वर्ग हसला. धपाटे राजकन्याला मिळाले. पण पहिल्या घासालाच तिच्या डोक्यात एक गोष्ट लखकन उजळली आणि घास तिथंच अडकला. पाठ असेल तर डावी ती उजवी झाली. आणि डावी ती उजवी झाली तर सगळं संपलं.

सगळं का संपलं, ते कळायला दरेआईचा कौल कसा लागतो ते सांगायला हवं. घरातलं कोणतंही मोठं काम निघालं, लग्न, विहीर, नोकरी, बदली, की राजकन्याचे मोठे चुलते, म्हणजे बोरदऱ्यात शेती करणारे हनुमंतकाका, आंघोळ करून ओल्या पडद्यानं, म्हणजे ओलेत्यानं, दरेआईपुढं बसतात. ओल्या कुंकवानं तिच्या दोन खांद्यांवर दोन सुपाऱ्या चिकटवतात. देवीची उजवी सुपारी आधी पडली तर काम मंजूर. डावी आधी पडली तर नामंजूर. त्यावर अपील नाही. राजकन्याचे पप्पा, रामकिशन, लोह्याला पंचायत समितीत बाबू होते आणि साधी खुर्ची हलवायलाही अर्ज मागत. पण दरेआईच्या बाबतीत तेही तोंडी निकालावर चालत.

आणि येत्या चैत्रात, परीक्षा झाली की, राजकन्याचाच कौल लागणार होता. पोरीला अकरावीला लातूरला ठेवायचं का नाही. ठेवायचं म्हणजे क्लास लावायचा, डॉक्टर करायचं, आणि आईनं दोन वर्षं लातूरला रूम करून राहायचं, पोरीला भाकरी करून घालायला. लातूरच्या त्या गल्ल्यांतून अशा कितीतरी आया पोळपाट-लाटणं घेऊन येतात आणि दोन वर्षं अभ्यासाच्या आवाजात वरण शिजवतात. नाही ठेवायचं म्हणजे लोहा, घराशेजारचं कॉलेज, आणि रोज संध्याकाळी पप्पांनी आणलेली तीच जिलेबी.

राजकन्याला जायचं होतं. डॉक्टर व्हायचं का, ते तिला नक्की सांगता आलं नसतं. नरसिंह पाहिल्यापासून तर अजिबातच नाही. पण लातूरला जायचं होतं. गेले कित्येक दिवस ती झोपताना हात जोडून म्हणायची, “आई, उजवी पाड.” आता काय म्हणायचं?

*

घरी येऊन तिनं सहलीची हकीकत सांगितली. सांगायला नको होती. पण तालुक्यात पहिली आल्यापासून तिच्या पोटात काही राहत नव्हतं.

पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “कोण म्हणतं पाठ?”

“उमाशंकर सर. त्यांनी हात लावून पाहिलं.”

“कोणाच्या परवानगीनं लावला?”

आई परातीत पीठ मळत होती. तिचं नाव अयोध्या, आणि एरवी घरात सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी एकच वाक्य बोलायची तिची रीत होती. तिचे हात थांबले. “म्हणजे डावी ती उजवी?”

“हाव, आई. अन् उजवी ती डावी.”

आई पुन्हा पीठ मळायला लागली. पण त्या संध्याकाळच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि पप्पा तो चहा निमूट प्यायले, यावरून काहीतरी बिनसलं आहे हे राजकन्याला कळलं. काय बिनसलं, ते मात्र कळलं नाही.

ते शेजारच्या रुक्मिणबाईंनी सांगितलं. आपल्या घरातलं आपल्याआधी ज्यांना ठाऊक असतं, अशांपैकी त्या होत्या. विरजण मागायला आल्या आणि ओट्यावरच बसल्या. “तुझ्या मायचा डी.एड्.ला नंबर लागला व्हता नांदेडला. तू व्हायच्या आधी. तुला ठाऊक न्हाई? सासूनं कौल लावला. डावी पडली. संपलं. पेटीतली पुस्तकं भाच्याला देऊन टाकली तिनं. अन् आता तुझा सर म्हणतो ती उजवी व्हती. पोरी, तू लई गडबड करून राहिलीस.”

“मी फक्त प्रश्न विचारला, मावशी.”

“तेच तर.”

राजकन्याला हे फार लागलं. आजवर तिला ‘प्रश्न विचार, हुशार व्हशील’ असं सांगणारी जी मोठी माणसं होती, ती सगळी एका धपाट्यापायी तिच्यावर उलटली होती. पप्पांनी तर फर्मानच काढलं, की परीक्षेपर्यंत घरात कोणी प्रश्न विचारायचा नाही. “पेपरातले सोडवायचे फक्त.”

पण बातमी बोरदऱ्याला पोचली. सकाळी हनुमंतकाकांचा फोन आला. पप्पांनी भीतभीत उचलला, तर काका खुशीत.

“रामकिशन, मला आधीपासून शक व्हता. बोअरच्या वक्ताला आईनं उजवी पाडली, मी खोदलं, अन् निघाली निसती धूळ. मी म्हणलं आई खोटं कशी बोलंल? ती न्हाईच म्हणली व्हती रे. आपणच उलटं वाचलं.”

“मग आता?”

“आता काय, आईचा मान राहिला. माझं काय, बोअर गेली तर गेली.”

काकांचं समाधान झालं, पण ते एकट्याचंच. काकांनी ही खुशी ‘दरेआई परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि तिथून घराण्यातल्या एकेका माणसानं आपापला जुना कौल उलटा करून पाहायला सुरुवात केली. एका चुलतभावाला कळलं की त्याची पोलीस भरती देवीनं मंजूर केली होती आणि तो उगाच मोसंबीच्या मागं लागला. दुसऱ्याला कळलं की त्यानं सोडून दिलेली बदली घ्यायला हवी होती. राजकन्या बीजगणित सोडवत बसायची आणि बाजूला फोन टुणटुण वाजायचा, प्रत्येक टुण म्हणजे कोणाचं तरी अख्खं आयुष्य समीकरणाच्या पलीकडं गेलेलं, चिन्ह बदलून.

सगळ्यात मोठी टुण उदगीरहून आली, आणि ती फोनवर थांबली नाही. एसटीत बसून स्वतःच आली. पंचफुलाआत्या. पप्पांची मोठी बहीण. सोबत तिचे यजमान, ज्यांना राजकन्या मामा म्हणायची. मामांचं उदगीरला दाळीचं दुकान, आणि स्वभाव शिजलेल्या दाळीसारखा मऊ.

आत्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. “मला दोन स्थळं आली व्हती. एक देगलूरचा मास्तर. त्याची डावी पडली. एक हे,” मामांकडं बघून, “यांची उजवी. आता तुमची राजकन्या म्हणती उलटं.”

“मी न्हाई, आत्या. सर म्हणतात.”

“सर म्हणतात मास्तर मंजूर व्हता?”

“सरांना मास्तर माहीतच न्हाई.”

“देगलूरचा मास्तर कानडी बोलायचा, तेलुगू बोलायचा,” आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. “पेटी वाजवायचा.”

मामा पिशवी मांडीवर धरून बसले होते. ते हळूच म्हणाले, “पेटी मी पण शिकलो असतो. कोणी म्हणलं न्हाई.”

यावर राजकन्याला वाटलं, आपण जन्मालाच यायला नको होतं. मग तिला आठवलं, आपण जन्माला येण्याचाही काही कौल लागला असेल का. आणि तो कोणत्या बाजूला.

*

पप्पांनी शेवटी त्यांना जमणारं होतं ते केलं. अर्ज लिहिला.

विषय: दरेआईची पुढील बाजू निश्चित करून मिळणेबाबत. असल्या जुन्या वास्तूंचं काम बघणारं कुठलंसं कार्यालय आहे हे त्यांनी शोधून काढलं, एक दिवसाची रजा टाकली, आणि राजकन्याला सोबत घेऊन गेले; तिनंच घोळ घातला म्हणून. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि एक छापील फॉर्म पुढं केला.

“असा साधा अर्ज चालत नाही. यात भरा.”

पप्पांचा चेहरा उजळला. छापील फॉर्म पाहिला की त्यांना माहेरी आल्यासारखं वाटायचं. गाव, तालुका, मूर्तीची उंची, दगडाचा प्रकार, असं ते सुरेख अक्षरात भरत गेले आणि एका रकान्यापाशी पेन थांबलं. ‘मूर्तीचे तोंड कोणत्या दिशेस आहे?’

“साहेब, हेच तर विचारायला आलोय.”

“तो रकाना सक्तीचा आहे.”

“पण ते माहीत असतं तर फॉर्म कशाला भरला असता?”

“ते बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “पण रिकामा ठेवला तर पुढं जात नाही.”

“मग दोन दिशा लिहू?”

“दोन लिहिल्या तर दोन मूर्ती धरतात. दुसऱ्या मूर्तीचा वेगळा फॉर्म.”

दोघंही आयुष्यभर हीच भाषा बोलत आलेले असल्यामुळं कोणी चिडलं नाही. पप्पांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. पण बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी ते थांबले. मग म्हणाले, “मी पण लोकांना असाच रकाना दाखवतो गं.” आणि त्यांनी न विचारता राजकन्यासाठी मोठा ग्लास सांगितला. तिला एवढं वाईट वाटलं की तिनं तो संपवला.

शेजारच्या रुक्मिणबाईंकडं मात्र सोपा तोडगा होता. “पुढून एक कौल लावा, मागून एक लावा. दोन्हीकडून उजवी आली तर धाडा पोरीला.”

“मावशी, एकच बाजू दोन्हीकडून उजवी कशी येईल?”

“देवीला अशक्य हाय का काही?”

राजकन्या बीजगणिताच्या वहीकडं वळली.

राजकन्याची परीक्षा झाली. कशी झाली ते तिलाही कळलं नाही. पेपरात ‘उजवी बाजू बरोबर डावी बाजू’ असं लिहिताना आपण दोनदा खोडलं एवढं तिला आठवत होतं. रात्रीचं हात जोडणं चालूच होतं, पण आता प्रार्थना लांबत चालली होती. “आई, उजवी पाड. म्हणजे तुझी उजवी. म्हणजे आम्ही समजतो ती न्हाई, सर समजतात ती. सर चुकले असतील तर आम्ही समजतो ती. म्हणजे तुला कळलंच असंल.” देवीला कळलं असेलही. राजकन्याला स्वतःला कळत नव्हतं.

*

चैत्रात, उन्हं तापलेली असताना, सगळे बोरदऱ्याच्या लेण्यात जमले. पप्पा, आई, पंचफुलाआत्या, मामा, आणि ओल्या पडद्यातले हनुमंतकाका, ज्यांच्या कनवटीला पानाचा डबा होता; पानाशिवाय काका देवीसमोरही बसत नसत. जाणकार म्हणून उमाशंकर सरांना खास लातूरहून बोलावलं होतं. सरांना वाटलं होतं आपल्याला लेणी दाखवायला बोलावलंय. त्यांनी जाताजाता मामांना नरसिंह दाखवला. मामा तिथंच खिळून राहिले. “त्याचा हात लोंबून राहिलाय,” ते कितीदा तरी म्हणाले. सरांना मामा फार आवडले.

मग काका दरेआईपुढं बसले, आणि पहिली तकरार निघाली: पुढं म्हणजे कुठं बसायचं?

“डोळ्यांसमोर बसा, दरसाल बसता तसं,” पप्पा म्हणाले.

“म्हणजे पाठीला विचारायचं?” आत्या म्हणाली. “माझं एकदा तसंच विचारलं.”

“सर, तुम्ही सांगा.”

“फार चांगला प्रश्न,” सर म्हणाले. “माझ्या मते मागून. पण शेंदराचा थर चार बोटं जाड आहे. आत काय आहे ते खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही. याला दोन मतं—”

“एक सांगा, सर,” राजकन्या म्हणाली. “माझं वर्ष हाय.”

सर तिच्याकडं बघत राहिले. हा तोच प्रश्न होता, तिनं धपाट्यांसाठी विचारलेला, पण आता तो येडा राहिला नव्हता.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. ते बाजूला बसले. ना पुढं, ना मागं. “आईला कोण कुठं बसलंय ते दिसतं,” म्हणाले. ओल्या कुंकवानं दोन सुपाऱ्या दोन खांद्यांना लावल्या आणि मोठ्यानं विचारलं, “आई, पोर लातूरला धाडायची का?”

सगळे सुपाऱ्यांकडं बघू लागले.

सुपाऱ्या पडेनात. बाहेरच्या उन्हाच्या झळांनी शेंदूर मऊ झालेला. सुपाऱ्या पडायच्या ऐवजी हळूहळू आत रुतायला लागल्या. डावी थोडी रुतली, उजवी थोडी रुतली, मग दोन्ही दिसेनाशा झाल्या.

“गिळल्या,” आत्या कुजबुजली.

असा कौल घराण्यात कधी लागला नव्हता. काकांनी घाम पुसला, एक सुपारी बोटानं उकरायला गेले, आणि तिथं दरेआईच्या खांद्यावर एक बारीक रेघ उमटली. रेघ खाली सरकली. मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची ती अख्खी खोळ, डोळे, नथ, खण यांच्यासकट, ओलं गोधडं दोरीवरून घसरावं तशी सावकाश खाली बसली. दोन्ही सुपाऱ्या एकदमच बाहेर पडल्या आणि घरंगळत गेल्या, एक पप्पांच्या पायाशी, एक आईच्या.

काका साष्टांग घालायला वळले, पण घालायचं कुणीकडं ते न कळल्यानं तसेच अर्धे वाकून राहिले.

सरांनी बॅटरी लावली.

शेंदराखालून तांबूस दगड निघाला होता, झिजलेला. त्यावर एक बसकं, पोट सुटलेलं माणूस, दोन्ही हात वर केलेले. सर बाजूला सरकले. तिथं तसंच आणखी एक. पलीकडं आणखी एक, आणि मागं चौथं. चौघं पाठीला पाठ लावून, एकमेकांचा टेकू घेऊन. कोणाच्याही चेहऱ्यावर नाक-डोळे उरले नव्हते, फक्त वर केलेले हात.

“खांबाचा तुकडा आहे,” सर हळूच म्हणाले. “इथं मधोमध खांब असणार. वरचा भाग पडला. हे चार गण आहेत, छत पेलणारे. मला पोट लागलं ते याचं, आणि अंबाडा वाटला तो याचा कोपर. माझं चुकलं.” मग जरा थांबून, “म्हणजे सगळ्यांचंच चुकलं.”

“पण तोंड कुठं?” पप्पा म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या फॉर्मवर गेला होता.

“चारही बाजूंना.”

“मग उजवी कोणती?”

“प्रत्येकाची वेगळी.”

हे सगळ्यांच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. मामांना सगळ्यात आधी उतरलं. “म्हणजे,” ते आत्याला म्हणाले, “मी कोणाच्या तरी उजवीकडून मंजूर हाव.” आत्यानं पदर तोंडाला लावला, हसू आलं होतं का रडू, ते राजकन्याला कळलं नाही, बहुतेक आत्यालाही नाही.

काका कासावीस झाले होते. “म्हणजे आजवर कोणाला विचारून राहिलो आपण? देवीच न्हाई ही?”

उत्तर दिलं ते आईनं. ती इतका वेळ त्या चौघांभोवती फिरत होती. पदराच्या टोकानं तिनं एकाच्या हातावरचा शेंदूर पुसला.

“देवीच हाय, भाऊजी,” ती म्हणाली. “सगळ्या घराचा बोजा डोक्यावर, हात भरलेले, अन् तोंड आजवर कोणी पाहिलं न्हाई. दुसरं कोण असणार?”

काकांनी हे ऐकलं आणि सुटल्यासारखे झाले. चारही बाजूंनी फिरून चार साष्टांग घातले. चौथ्याला मामांनी धरून उठवलं. खोळ कापडात बांधून ठेवायची आणि शेंदूर पुन्हा लावायचा का ते नंतर ठरवायचं, असं ठरलं. मग काका पप्पांकडं वळले आणि पप्पा सरांकडं, आणि तो मूळ प्रश्न पुन्हा सगळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“पण कौल काय लागला?” काका म्हणाले. “दोन्ही संगंच पडल्या. सर?”

“याला,” सर म्हणाले, “चार मतं आहेत.”

“नवा कौल लावू,” पप्पा म्हणाले. “पुढच्या आठवड्यात. एका कोणाची तरी बाजू लेखी ठरवून घेऊ आधी.”

राजकन्यानं आईकडं पाहिलं. आईनं पायाशी आलेली सुपारी उचलली होती आणि ती बोटांनी फिरवत होती, कुठं ठेवावी ते न कळल्यासारखी. कधीकाळी अशीच एक सुपारी पडली होती आणि पेटीतली पुस्तकं भाच्याला गेली होती. तेव्हा ती या चौघांपैकी कोणाच्या उजव्या खांद्यावरून पडली होती, ते आता देवालासुद्धा सांगता येणार नव्हतं.

राजकन्यानं पप्पांच्या पायाशी पडलेली सुपारी उचलली. आईच्या हातातली घेतली. वक्तृत्वाच्या वेळी तिनं भाषणाचा शब्द न् शब्द पाठ केला होता. आता काहीच पाठ नव्हतं.

“पप्पा, आई, माझं ठरलं,” ती म्हणाली. “मी जूनमध्ये लातूरला जाणार. सायन्स घ्यायचं का सरांसारखं दगडांचं शिकायचं, ते मला आज न्हाई ठाऊक. रिझल्ट लागल्यावर मीच सांगीन. पण मी होस्टेलवर राहणार, अन् मेसचं खाणार. आई माझ्या भाकरी करायला लातूरला येणार न्हाई. तिला यायचं असलं तर तिनं तिचा शिकायचा फॉर्म भरायला यावं. पप्पा, तो तुम्ही भरून द्या, त्यात तोंडाचा रकाना नसतो. अन् काका, ह्या घ्या सुपाऱ्या. धुवा अन् पानात घाला.”